दीपमाला गाडी शिकली तेव्हा

लग्न झाल्यापासून दीपमालानं वऱ्हाड पाहिला तो ललितच्या डाव्या बाजूला बसून. ललित एका बियाणे कंपनीचा विक्री प्रतिनिधी होता. तेल्हारा, अकोट, अंजनगाव, दर्यापूर, इकडं मूर्तिजापूर. कपाशीच्या पट्ट्यातलं एकही कृषी केंद्र असं नव्हतं जिथं त्याची पांढरी गाडी उभी राहिली नाही. शनिवारी काम नसलं की तो दीपमालाला सोबत घ्यायचा. त्याचं गाडी चालवणं बघण्यासारखं होतं. गिअर कधी बदलला ते कळत नसे. मांडीवर उघडा डबा घेऊन ती जेवली तरी त्यातलं वरण हिंदकळायचं नाही. बाकी कशात तो फार हुशार आहे असं त्याचं स्वतःचंही म्हणणं नव्हतं. पण गाडीवर बसला की त्याचे खांदे सैल व्हायचे, आवाज मऊ व्हायचा, आणि घरात महिनाभर न बोललेलं तो अकोला ते अकोट या एवढ्या वाटेत बोलून टाकायचा.

दीपमाला अकोल्याच्या जुन्या शहरात शिवणक्लास चालवायची. घराची पुढची खोली, चार मशिनी, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली कागदी मापं टांगलेली. गल्लीतल्या बाया, नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुना, कॉलेज सोडलेल्या मुली तिच्याकडे ब्लाऊज आणि कुर्ते शिकायला येत. तिला शिकवता येत होतं. मुलगी घाबरली की तिची सुई वाकडी जाते, अशा वेळी तिच्याकडे न बघता दुसरीशी बोलत राहायचं, हे तिला अनुभवानं कळलेलं होतं. एकुलती एक लेक नीलम वनरक्षक म्हणून लागली होती आणि मेळघाटात सेमाडोहला तिची नेमणूक होती.

ललितची नजर कधीपासून जायला लागली ते कोणालाच सांगता येणार नाही. दुखत नव्हतं, लाल होत नव्हतं, वाचता येत होतं. फक्त तो दाराच्या चौकटीला खांदा लावू लागला. ताटाशेजारी ठेवलेला पाण्याचा गिलास त्याच्या हातानं पडू लागला. आणि एका दुपारी टिळक रोडवर त्यानं पेरूच्या हातगाडीला डावा आरसा घासला. पेरू रस्ताभर झाले. ललित खाली उतरून गाडीवाल्यावर तापला, की तू एकदम कुठून आला. गाडीवाला म्हणाला, मी सकाळपासून इथंच उभा हाय साहेब. दीपमालाला ती हातगाडी केव्हाची दिसत होती. ह्यांनाही दिसत असेल असंच तिनं धरलं होतं. ती वाकून पेरू गोळा करू लागली.

अमरावतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी आधी थेंब टाकून तपासलं आणि मग एका अंधाऱ्या खोलीत मशीनपुढे बसवलं. पांढऱ्या वाडग्यासारखं काहीतरी, त्यात हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्याकडे बघायचं, आणि कडेला कुठं उजेड चमकला की हातातलं बटन दाबायचं. दीपमाला मागं स्टुलावर बसली होती. तिला वाडग्यातलं दिसत नव्हतं, पण मशीन चालवणाऱ्या मुलीच्या पडद्यावर उजेड कुठं कुठं पडतो आहे ते दिसत होतं. उजेड पडत होते, विझत होते. बटनाचा आवाज येत नव्हता. ललित अंगठा बटनावर ठेवून, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा ताठ, वाट पाहत होता.

डॉक्टरीण बाईंनी स्पष्ट सांगितलं. काचबिंदू आहे, बराच पुढं गेलेला. गेलेली नजर परत येणार नाही. आहे ती राखायची, त्यासाठी रोज थेंब, दर काही महिन्यांनी तपासणी. समोरचं दिसत राहील, कडेचं जात राहील. आणि गाडी बंद करायची, आजपासून.

ललितनं मान हलवली, थेंबांची बाटली खिशात घातली, आणि बाहेर येऊन गाडीत चालकाच्या जागेवर बसला. दुसरं काय करणार होता. दीपमालाला गाडी येत नव्हती. बडनेरा मागं पडलं. रुंद नवा रस्ता, दोन्ही बाजूंना तूर. डावीकडून एक ट्रॅक्टर रस्त्यावर चढताना तिला दिसला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "डावीकडून ट्रॅक्टर येऊन राहिला." ललितनं वेग कमी केला. थोड्या वेळानं ती म्हणाली, मोटारसायकल. मग, बकऱ्या. घर येईपर्यंत ती बोलत राहिली आणि तो ऐकत राहिला.

आणि मग तेच त्यांचं झालं. खरं तर त्याच दिवशी थांबायला पाहिजे होतं, पण कंपनीला अजून कळवलं नव्हतं, आणि बोंडअळीच्या दिवसांत फिरती बंद करता येत नव्हती. दीपमालानं क्लासच्या वेळा बदलल्या आणि ती त्याच्याबरोबर जाऊ लागली. लोकांना वाटे, या वयात काय जोडीनं फिरतात. ती काचेतून बघायची आणि हलक्या आवाजात सांगायची: सायकल, खड्डा, बाई उभी आहे. त्यात एक लाजिरवाणं सुख होतं, हे तिनं नंतर स्वतःशी कबूल केलं. एवढी वर्षं शेजारी बसून ती नुसती बसलेली होती. आता तो तिच्यावाचून एक वळणही घेऊ शकत नव्हता.

नीलम सुट्टीवर आली तेव्हा हे उघड झालं. ती मागच्या सीटवर होती. अकोटला लग्नाला चालले होते. तिनं थोडा वेळ ऐकलं, मग विचारलं, आई, तू सारखी काय सांगून राहिली बाबांना? दीपमालानं समोरच्या रस्त्यावरून नजर काढली नाही. नीलमला जंगलात चालायची सवय होती, न बोललेलं ओळखायची तिला सवय होती. तिनं गाडी कडेला घ्यायला लावली. तिथंच गांधीग्रामच्या अलीकडे, बाभळीखाली, तिनं बापाला दोन्ही बाजूंना हात धरून किती बोटं ते विचारलं. ललितला बोटंच काय, हातही दिसला नाही. तिघं लग्नाला काळीपिवळीनं गेले आणि नीलमचा चुलतभाऊ येऊन गाडी घरी घेऊन गेला.

जायच्या आधी नीलमनं आईला सांगितलं, गाडी तू शीक. दीपमाला हसली. चाळिशी कधीच उलटलेली, आता काय गाडी. पण ललित बाहेरचा ड्रायव्हर ठेवायला तयार नव्हता. माझ्या गाडीत परका माणूस बसून गिअर ओरबाडणार आणि मी बाजूला बसून ऐकू, हे त्याला मान्य नव्हतं. गाडी विकायचा विषय काढला की तो उठून जायचा. शेवटी दीपमालानं क्लास लावला.

ड्रायव्हिंग क्लासचा गोपाल बरा माणूस होता. सकाळी छतावर पाटी लावलेली छोटी गाडी घेऊन यायचा, ताई म्हणायचा, कधी आवाज चढवायचा नाही. पण त्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक होता. दीपमालाला वाटायचं आपण चालवतोय, आणि निम्मं गोपाल चालवत असायचा. गिअर टाकताना ती खाली बघायची, बघितलं की गाडी भरकटायची. तिचा डावा पाय क्लचवर यायचा आणि तिथंच राहायचा. शिलाई मशीनवर तिचे पाय स्वतःहून चालत, त्यांना सांगावं लागत नसे. इथं प्रत्येक गोष्ट सांगावी लागे, आणि सांगून होईपर्यंत मागचे हॉर्न सुरू होत. पहिल्या चाचणीत ती नापास झाली. दुसऱ्यांदा पास झाली आणि लायसन्स आलं. ललितनं ते कार्ड डोळ्यांसमोर धरून, मान थोडी थोडी फिरवत, सगळं वाचलं. मग म्हणाला, "आता खरी गाडी शिक."

खरी गाडी म्हणजे त्याची गाडी. रविवारी सकाळी दोघं शिवणीच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर जायचे. तो डावीकडे, ती उजवीकडे. दोघांनाही आपापली जागा चुकल्यासारखी वाटे. त्याला रस्ता धड दिसत नव्हता, पण इंजिन ऐकू येत होतं. गाडी रडून राहिली, तिसरा टाक. आता दुसऱ्यात घे. काहून एवढा क्लच दाबून ठेवला? पाय सोड. सोड म्हटलं ना. तिनं सोडला की गाडी गचका खाऊन बंद पडायची. मग तो डोळे मिटून मान मागं टेकवायचा. त्याचं ते डोळे मिटणं तिला ओरडण्यापेक्षा जास्त लागे.

आपल्या क्लासमधल्या मुलींना ती असं कधीच शिकवत नव्हती. त्याच्या आवाजानं आपला पाय गोठतो, हे तिला स्वच्छ कळत होतं. पण ती त्याला बोलली नाही. ज्याचं सगळं चाललं आहे त्याला निदान हे एक शिकवू द्यावं, असं तिला वाटलं असेल. की तिची हिंमत झाली नाही. दोन्ही खरं होतं.

हळूहळू तिला सपाटीवर जमू लागलं. बाजार, पेट्रोलपंप, बार्शीटाकळीपर्यंत जाऊन परत. चढावर थांबून गाडी उठवायचं मात्र कधी आलंच नाही. अकोल्यात चढ आहे कुठं? काळी जमीन, तळहातासारखी. एक रेल्वेचा पूल, तिथं एकदा ललितनं तिला मुद्दाम थांबायला लावलं. हाफ क्लच धर, इंजिन थरथरलं की हँडब्रेक सोड. गाडी मागं सरकली, मागच्या ऑटोवाल्यानं शिव्या घातल्या, आणि तिनं परत पुलावर थांबायचं नाव काढलं नाही. ललितनंही काढलं नाही.

त्या वर्षी पुढच्या तपासणीत नजर आणखी आत आलेली निघाली. थेंब बदलले. कंपनीनं त्याला निरोप दिला, शाल आणि पुष्पगुच्छ देऊन, त्याचं कौतुक करून. शाल त्यानं दीपमालाकडे दिली, म्हणाला, याचं काहीतरी शिव. त्यानंतर तो दिवसभर पलंगावर बसू लागला. मोबाईल कानाला लावून बातम्या ऐकायचा. जुने दुकानदार सुरुवातीला फोन करत. मग त्यांना नवा माणूस सापडला.

अशात एक दिवस तो म्हणाला, सेमाडोहला जाऊ. नीलमची नेमणूक झाली तेव्हापासून जाऊ जाऊ म्हणत होते आणि राहून गेलं होतं. पोरीला वर्दीत, तिच्या नाक्यावर उभी असलेली एकदा पाहायची होती त्याला. दिसतं आहे तोवर, असं तो म्हणाला नाही. म्हणायची गरज नव्हती.

नीलम फोनवर म्हणाली, बसनं परतवाड्यापर्यंत या, मी तिथून जीप पाठवते. ललितनं ऐकून घेतलं नाही. आपल्या गाडीनं येऊ, आई चालवते आता. दीपमालानं तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. ती पुष्कळदा त्या दिवसाकडे परत गेली आणि पुष्कळदा तिथंच अडली. पण त्यानं कित्येक महिन्यांत काही मागितलं नव्हतं. आणि तो म्हणाला होता, आई चालवते. ते ऐकून तिला आतून बरं वाटलं होतं, हेही खरं.

दिवाळी नुकतीच झाली होती. पहाटेची थंडी. अकोट गेलं, अंजनगाव गेलं, विड्याच्या पानांचे मळे गेले, मग संत्र्याच्या बागा लागल्या. रस्ता चांगला होता आणि तिचे हात त्या दिवशी ऐकत होते. ललित काच खाली करून बसला होता. त्याला जेवढं दिसत होतं तेवढं तो सांगत होता. इथं अमक्या दुकानदाराचं शेत, इथं एका पावसाळ्यात गाडी रुतली होती. परतवाड्यात दोघांनी आलूबोंडे खाल्ले, चहा घेतला. परत गाडीत बसताना तो म्हणाला, "बरी चालवून राहिली तू." एवढंच. तिनं पट्टा लावला. तिचा चेहरा गरम झाला होता.

बिहालीनंतर घाट सुरू झाला. सागाची झाडं दोन्ही बाजूंनी जवळ आली, रस्ता अरुंद झाला. पहिली वळणं तिनं दुसऱ्या गिअरमध्ये नीट घेतली. मग एका उभ्या वळणावर वरून एसटी आली. बसला वळायला जागा पाहिजे होती. दीपमाला थांबली. थांबावंच लागलं.

बस निघून जायची तर आधी हिनं थोडं पुढं आणि बाजूला सरकायला हवं होतं. तिनं क्लच सोडला, गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा गाडी पुढं जायच्या ऐवजी मागं घसरली आणि तिनं दोन्ही पायांनी सगळंच दाबलं. मागं भाजीचे क्रेट भरलेली एक पिकअप उभी होती; तिच्या ड्रायव्हरनं हॉर्नवरून हात काढलाच नाही. ललित ओरडत होता, हाफ क्लच, हाफ क्लच धर, रेस दे. तिनं रेस दिली, क्लच अर्धा धरला, गाडी थरथरत एका जागी उभी राहिली आणि जळका, करपलेला वास आला. मग तीही ताकद गेली. गाडी तिरकी मागं सरकली आणि मागचा बंपर दगडी कठड्याला टेकून थांबला. कठड्यापलीकडे दरी होती. ती फार खोल नव्हती, हे तिला नंतर गाडी उताराला फिरवताना दिसलं. तेव्हा तिला तळ दिसला नाही.

बसमधले लोक खाली उतरले. पिकअपचा ड्रायव्हर आला. कोणी वाईट बोललं नाही. कोणी दगड शोधून चाकाखाली ठेवला. ललितनं पट्टा सोडला आणि म्हणाला, "उतर. मी काढतो."

तो खाली उतरला. बॉनेटवर हात ठेवून, चाचपत, गाडीच्या पुढून वळसा घालून तिच्या दाराशी आला. लोक बाजूला झाले. त्यांना वाटलं नवरा गाडी काढणार. त्यानं दार उघडलं. दीपमाला जागेवर बसून होती. तिनं चावी फिरवली, काढली आणि मुठीत धरली.

"चावी दे," ललित म्हणाला.

"नाई."

"लोक थांबले हायेत. मले हा घाट पाठ हाय. दे इकडं."

ती खाली उतरली. चावी धरलेला हात तिनं पाठीमागं नेला, लहान मुलं नेतात तसा. त्यानं हात पुढं केला तो तिच्या खांद्याच्या बाजूनं हवेत गेला. तिला ते सगळ्यांनी पाहिल्याचं जाणवलं. तिनं पिकअपवाल्याकडे पाहिलं. पुंजाराम त्याचं नाव, पन्नाशीचा असेल, डोक्याला मफलर.

"दादा, यायले दिसत नाई," ती म्हणाली. "काचबिंदू हाय. यायले गाडीवर बसू देऊ नका."

टिळक रोडवर पेरू सांडल्यापासून हे वाक्य तिच्याजवळ होतं. घरात, नातेवाइकांत, गल्लीत, कुठंच तिनं ते मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. सगळीकडे, डोळ्याला जरा त्रास आहे, एवढंच म्हणायचं ठरलं होतं. ललितचा पुढं केलेला हात तसाच राहिला आणि मग खाली आला. बसमधून उतरलेली एक बाई चुकचुकली. ललित म्हणाला, बरं. हळू म्हणाला, कोणाला ऐकू जाऊ नये असं.

पुंजारामनं चावी घेतली. गाडी चालू केली, पण ती चढेना. क्लच प्लेट जळाली, आता वर जायची नाही, असं त्यानं सांगितलं. चार जणांनी ढकलून गाडी उताराला फिरवली. पुंजारामनं आपली पिकअप कडेला लावली आणि या दोघांना घेऊन गाडी उतारानंच बिहालीपर्यंत आणली. दीपमाला पुढं बसली होती, ललित मागं. बिहालीत उतरल्यावर तिनं पुंजारामचे आभार मानले. तो म्हणाला, घाटात होतच राहतं बाई, मनाला लावून घेऊ नका. ललितला नमस्कार करून तो खालून आलेल्या एका जीपमध्ये बसून आपल्या पिकअपकडे गेला.

फोनला रेंज आल्यावर नीलमला कळवलं. ती म्हणाली, तिथंच थांबा, मी साहेबांना सांगून येते, तुम्हाला वर घेऊन जाते. ललितनं फोन घेतला आणि सांगितलं की येऊ नको, आम्ही परत चाललो. नीलमनं खूप आग्रह केला. तो ऐकत राहिला आणि शेवटी फोन दीपमालाच्या हातात दिला. बिहालीपासून सेमाडोह फार लांब नव्हतं. वर्दी घालून पोर सकाळपासून नाक्यावर उभी होती.

गाडी ओढून परतवाड्याच्या गॅरेजला लावली आणि दोघं बसनं अकोल्याला आले. वाटेत दीपमाला माफी मागणार होती. कशाची मागायची ते तिला ठरवता येईना. गाडी बंद पडल्याची, की चावी न दिल्याची, की ते बोलल्याची? त्यातल्या दोन गोष्टी परत करायची वेळ आली तर तिनं परत तशाच केल्या असत्या. म्हणून तिनं ती मागितली नाही. ललित खिडकीकडे तोंड करून बसला होता.

गाडी दुरुस्त झाल्याचा निरोप आला तेव्हा ती एकटीच गेली. गॅरेजवाल्यानं जळालेली जुनी क्लच प्लेट दाखवून चावी दिली. तिनं आरसा नीट केला, गाडी चालू केली. शेजारी कोणी नव्हतं. परतवाडा, अंजनगाव, अकोट, गांधीग्राम; तिच्या पायांना काही सांगावं लागलं नाही. अकोटच्या बाजारात बैलबंड्यांमध्ये अडकली, निघाली. अकोल्यात शिरताना रेल्वेच्या पुलावर सगळी वाहनं थांबली, तीही थांबली. चढावर. मग पुढची हलली, तिनं हाफ क्लच धरला, इंजिन थरथरलं, तिनं हँडब्रेक सोडला, आणि गाडी गुपचूप वर चढली. इतकं सोपं होतं. ती पुलाच्या पलीकडे जाऊन कडेला थांबली, कारण तिला रडू आवरत नव्हतं आणि रडताना चालवायचं तिला कोणी शिकवलं नव्हतं.

घरी तिनं सांगितलं, आणली गाडी. ललितनं कानाचा मोबाईल काढला नाही. गाडी कशी ओढते, आवाज कसा येतो, यातलं त्यानं काहीच विचारलं नाही. त्या दिवसानंतर तो त्या गाडीत बसला नाही. अमरावतीला जायचं तर एसटीनं, दीपमाला सोबत. तिनं एकदा विचारलं, दोनदा विचारलं. तो रागावला नाही, टाकूनही बोलला नाही. मले बसच बरी वाटते, असं साधंच म्हणाला. तिथं डॉक्टरीण बाई दरवेळी सांगत की दाब आटोक्यात आहे, आणि दरवेळी मशीनच्या कागदावरचं, न दिसणाऱ्या भागाचं काळं थोडं वाढलेलं असे. दीपमालाला तेल्हाऱ्याच्या एका संस्थेत आठवड्यातून काही दिवस शिवण शिकवायचं काम मिळालं, ती गाडीनं जाऊन येऊ लागली. आता तिचे गिअर कळत नव्हते. ते कळण्यासारखा माणूस गाडीत नव्हता.

पुढच्या वर्षी जयंतीला नीलम घरी आली. तिनं वर्दी आणली होती, इस्त्री करून. विहारातला कार्यक्रम आटोपल्यावर तिनं ती घातली: खाकी, खांद्यावर पट्टी, पट्टा, टोपी. आणि बापाच्या पलंगापुढं येऊन उभी राहिली. बाबा, पाहा.

ललित सरळ बसला. त्यानं मान हळूहळू हलवायला सुरुवात केली. नावाची पट्टी सापडली, ती त्यानं वाचली. मग एक खिसा. मग पट्ट्याचं बक्कल. मग बूट, बुटापाशी तो बराच वेळ होता. मग परत वर, हनुवटी, टोपीचा काठ. एका वेळी ओंजळभर दिसत होतं आणि पुढचं दिसेपर्यंत मागचं जात होतं. "थोडी मागं सर," तो म्हणाला, "लांबून जास्त मावते." नीलम मागं सरली. "अजून." ती उंबरा ओलांडून बाहेर गेली. तो उठून दाराशी आला. "अजून थोडी." ती मागं मागं जात गल्लीच्या पलीकडल्या भिंतीला जाऊन टेकली. तिथून पुढं जागा नव्हती. ललित चौकट धरून उभा होता, मान वर खाली करत. शेजारच्या बाया आपापल्या दारात आल्या होत्या. नीलम ताठ उभी होती, हात बाजूला, कवायतीला उभं राहावं तशी.

"दिसली का, बाबा?"

"दिसली," ललित म्हणाला. "लय चांगली दिसते." त्याची मान तेव्हाही हलत होती.

नीलम म्हणाली, मोर्णा नदीच्या पुलावर जाऊ का, तिथं लांबून दिसेन, आई गाडी काढते. तो म्हणाला, राहू दे, ऊन झालं. आणि आत येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलमला परतवाड्यापर्यंत दीपमालानं गाडीनं सोडायचं ठरलं. पिशव्या ठेवल्या, पाण्याची बाटली भरली. ललितनं पलंगावरूनच लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, सांभाळून राहा म्हणाला. तुम्ही येता का असं कोणी त्याला विचारलं नाही.